झुलाल आबांची झटपट चावीफोड

झुलाल आबा : ...आणि खाली तुझी सही. ‘पद्धत तपासली, खरी निघाली.’ बस, एवढंच लिही, हेमलता. कार्डं छापून झालीत. रविवारी देवपुरात माझा सत्कार आहे, पहूरहून साडू येतोय.

हेमलता : आबा, मी कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. न तपासता सही दिली तर उद्या पोरं मलाच हसतील.

झुलाल आबा : मग तपास की! दोन मूळ संख्या गुपचूप घ्यायच्या, गुणायच्या. गुणाकार म्हणजे चावी. त्यावरून त्या दोन परत शोधल्या की चावी फुटली. बँकांच्या ऑनलाइन कुलपांमागे हाच खेळ. मी चाळीस फोडल्या, अर्ध्या अर्ध्या मिनिटात!

हेमलता : त्या बनवल्या कुणी?

झुलाल आबा : तुझ्या अक्कांनी. एकदम निष्पक्ष बाई. लग्नापासून एकदाही माझी बाजू घेतलेली नाही.

हेमलता : बरं. मग ही माझी घ्या. २१०४३०३.

झुलाल आबा : सातच आकडे? अगं, चहा उकळायच्या आत देतो.

(चहा झाला, पोहे झाले, दुसरा चहाही झाला. आबांनी वहीची अकरा पानं भरली, पंखा पाचवर केला आणि कॅल्क्युलेटरला दोनदा शिव्या घातल्या.)

झुलाल आबा : तुझी चावीच सदोष आहे.

हेमलता : २११ गुणिले ९९७३. आबा, तुम्ही वर्गमूळ काढून त्याच्या आसपासच शोधता ना?

झुलाल आबा : तीच तर युक्ती! एक अलीकडे, एक पलीकडे. दोघं तिथंच असतात.

हेमलता : असतीलच असं नाही. अक्का, तुम्ही मूळ संख्यांच्या यादीतून संख्या कशा निवडल्यात?

भागाबाई : कशा म्हंजे? लागोपाठन्या. नवरा-बायको पूजाले बसतस, तशा. एक हजार एकोणीस, त्याना बाजूले एक हजार एकवीस.

झुलाल आबा : चाळीसच्या चाळीस?

भागाबाई : बठ्ठ्या, चाळीसच्या चाळीस.

झुलाल आबा : म्हणजे साऱ्या जगात मी फक्त माझ्या बायकोच्या चाव्या फोडू शकतो! हेमलता, वरणगावच्या फॅक्टरीत तीस वर्षं स्टोअर सांभाळलं, कुणी एकदा शाबास म्हटलं नाही. आता कुठं चार माणसं ऐकायला येणार होती. त्यांना काय तोंड दाखवू?

हेमलता : खरं ते सांगा. दोन संख्या जवळजवळच्या घेतल्या तर चावी झटकन फुटते, म्हणून कुणी तशा घेऊ नयेत. हे तुम्ही कुणी न शिकवता शोधलंत, आबा. यावर मी आत्ता सही करते.

झुलाल आबा : तेवढ्यावर टाळ्या पडतील?

हेमलता : पहिली माझी.

झुलाल आबा : बरं, कर सही. पण भागा, तुला यादीत दुसऱ्या संख्या दिसल्याच नाहीत का गं?

भागाबाई : दिसन्यात ना. पहिली चावी दूरदूरन्या संख्यास्नीच करेल व्हती. ती फुटनी नही, तं तुम्ही दोन दिन जेवनात नहीत.