गाडीतल्या बाईची भाषा

अरे, माझ्या गाडीची गंमत ऐक की. जुन्या गाड्यांच्या डीलरकडून घेतली. किल्ली फिरवली की आतून एक बाई काहीतरी बोलायची, एकदम गोड आवाजात. डीलर म्हणाला, "हैदराबादवरनं आलीय, तेलुगू असंल." मला पटलं. सोलापुरात आपल्याला न कळणारी भाषा म्हणजे शेजारच्याची, दुसरी कुठली असणार?

म्हणून शेजारच्या अंबादासअण्णांना गाडीत बसवलं. तेलुगू त्यांच्या घरचीच. डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "आमची न्हाय ही. कानडी असंल, तुझ्या आईला विचार." आई दुधनीची, तिच्या माहेरी सगळे कानडीच बोलतात. तिनं दोनदा ऐकलं. "कानडी न्हाय. अण्णाला ऐकू येत न्हाय नीट, तेलुगूच हाय." दोघांची जुंपली की तिथंच.

शेवटी मी मोबाईल धरला बाईसमोर. मोबाईल म्हणतो, जपानी. मी तर उड्याच मारल्या. लगेच डीलरला फोन लावला, "अहो, गाडी थेट जपानची निघाली." तो म्हणतो, "व्हय? मग परत आणा की, साहेब."

आता कोण देतंय परत. गल्ली गोळा झाली, पुन्हा नारळ फुटला. तेव्हापासून रोज सकाळी बाई बोलली की आई तिला कानडीत उत्तर देते, "हूं, होगोण." म्हणजे, हो, निघू या.

मी म्हटलं, "आई, तिला कानडी कुठं कळतंय?"

आई म्हणाली, "एवढ्या लांबनं आलीय, रोज बोलतीय बिचारी. घरातल्या कुणीच ओ देऊ न्हाय व्हय?"