कान्ह्यातले चार मुक्काम

...नाई, पन तुमीच सांगा बापा, वाघ पाहाले निघालेल्या मानसाले कोनी असं इचारते काय, का भगवंतराव, जीपमंधी पान्याचं पिंप कायले ठेवलं म्हनून? अरे, माही जीप, माहं पिंप, माह्या विहिरीचं पानी! तुमाले सांगतो, चांदूर बाजार तालुक्यात लष्कराच्या लिलावातली जीप आननारा मी पयला शेतकरी, अन् सरकारनं राखलेली मोठमोठी जंगलं एका दमात पाहाची, हे डोक्यात येनारा बी मीच पयला. आधी ताडोबा, मंग कान्हा, मंग तिकडं वर शिवपुरी. लोकं काशी-रामेश्वर करतात. मी म्हटलं, आपल्याले वाघ पाहाचा, बास!

त पुंजाराम मास्तरानं शाळेतला नकाशा आनून माह्या ओसरीवर पसरला. मास्तर मानूस, कुठं बी जाच्या आधी त्याले परीक्षाच घ्याची असते. बोट फिरवते अन् म्हनते, "ताडोब्यात एक मुक्काम, शिवपुरीत एक, अन् कान्ह्यात चार? काहून, भगवंतराव? कान्ह्यातले वाघ काय गोरेगोमटे हायेत?" आमचा बुधाजी, जीप चालवनारा, बिडी इझवून म्हने, "मास्तर, तिथं शकुनबाई राह्यते ना!"

राह्यते त राह्यते! माह्या लेकीचं घर रस्त्यात पडलं त मी काय करू? रस्ता काय म्या बांधला? आपल्याले वाघ पाहाचा, बास!

आता तुमी म्हनान, लेक जंगलात कशी काय? त माहा जावई रेंजर हाये, रेंजर! आपलाच वऱ्हाडातला पोरगा, पन राज्यं वेगळी झाली तवा आपुन इकडं आलो अन् तो नोकरीपाई तिकडंच, कान्ह्याले, राह्यला. अन् शकुन… अहो, कापसाच्या वावरात माकडाले पाहून बोंबलत पयनारी पोरगी, आता वाघाचा पाय मातीत पाहून सांगते म्हने, नर हाये का मादी! हाये कोनाची पोरगी अशी अख्ख्या तालुक्यात? सांगा ना! छाती अशी फुगते का सदऱ्याच्या गुंड्या तुटतात!

अन् खरं सांगू काय? लगन झाल्यापासून पाह्यली नोती तिले. जेवाले बसलो का घास फिरे तोंडात. पन बापानं काय गावात सांगत फिरावं, का मले पोरीची आठवन येते? हासतील ना लोकं! त्यापेक्षा वाघ बरा. वाघाले कोनी हासत नाई.

आता मेख कुठं होती? लेकीले लेकरू होयेस्तोवर बापानं तिच्या घरचं पानी बी पेऊ नाई, ही आपली रीत. अन् म्या त ठरवले चार मुक्काम! म्हनून ते पिंप. म्हनून पीठ, दाळ, तांदूय, मीठ, सारं घरचं. चुलीची लाकडं बी घेतली. बुधाजी म्हने, "भाऊ, जंगलात चाललो आपुन, तिथं लाकडं नसन काय?" म्हटलं, अबे, तिथली लाकडं जावयाच्या ताब्यातली, म्हंजे जावयाचीच झाली ना! रीत म्हंजे रीत!

अन् माही मंडयी, कौशल्या… तिले म्हटलं, तू बी चाल. त ती नुसती हासे. "तुमीच जा, पाहून या तुमचा वाघ." आता लेकीच्या गावाले जाले नाई म्हननारी बाई जगात पाह्यली काय कोनी? मले तवाच समजाले पाह्यजे होतं, पन मी नकाशात मुंडकं घालून बसलेलो!

निघाचा दिवस आला. जीपले झेंडूचा हार, नारळ फुटला, अर्धं गाव जमा झालं, मी डोक्शावर हॅट घालून पुढं बसलो, मास्तर अन् दोघं-तिघं मागं. बुधाजीनं हँडल मारलं… अन् समोरून अमरावतीची मोटार आली. मोटारीतून जावई उतरला. त्याच्या मागं हळूच, कमरेवर हात ठेवून, शकुन!

म्या मागं वळून पाह्यलं. कौशल्या आधीच मीठ-मोहऱ्या घेऊन उभी! म्हटलं, तुले मालूम होतं? त म्हनते कशी, "पयलं बाळंतपन मायेरीच असते ना! अन् ह्या काय बाप्यांले सांगाच्या गोष्टी हायेत? जावयाले रजा लवकर भेटली, म्हनून लवकर आले. तुमी नकाशा पाहून खुश होते, म्हटलं, राहू द्या."

मी खाली उतरलो. पोरगी पाया पडाले वाकाले लागली, म्या धरली. तिचा दंड हाती आला, अन् माहे डोये… धूर होता जीपचा, दुसरं काई नाई. पोरगी म्हने, "बाबा, निघाले कुठं तुमी?" म्हटलं, "कुठं नाई वं. हवा खात होतो."

पन जीपमंधी बसलेले लोकं उतरतीन काय? मास्तर म्हने, "भगवंतराव, तुमचं काम भागलं, आमी अजून वाघ पाह्यला नाई!" अन् गेले ना बापा! माही जीप, माहा बेत, अन् वाट दाखवाले माहाच जावई! परत आले त कान्ह्यात चार मुक्काम करून, जावयाच्या घरचं पोटभर जेवून आले. त्याईले कुठं रीत आडवी येते? मास्तर त रोज पारावर वाघ सांगते, अन् वाघ रोज हातभर वाढते.

अन् मी? मी चाललो अमरावतीले, तुमच्या बाजूले ह्या मोटारीत बसून. कौशल्यानं धाडलं, बाळंतिनीच्या लाडवाले डिंक आना म्हने, तो बी धारनीकडच्या रानातलाच पाह्यजे. आनतो, बापा. झाडाचाच असते ना डिंक... तेवढंच आपल्या नशिबाचं जंगल!