साडेसहा कोटींत अकरा

…आणि वर मलाच विचारतात, 'पण सोमो, आडनाव लागतंच कुठे गं?' आता यावर काय बोलायचं? खरंच लागत नाही! तुम्हाला सांगते, बँकॉकपासून दोन-तीन तासांवरच्या आमच्या फेचबुरीत आडनाव म्हणजे लग्नात शिवलेला कोट, कपाटात घडी घालून ठेवलेला, पासपोर्ट काढताना आणि मेल्यावर बाहेर काढायचा. बाकी जन्मभर टोपणनाव! माझ्या बाबांना अख्खी आळी पेत म्हणते, पेत म्हणजे बदक, लहानपणी तसे चालायचे म्हणून; आता छप्पन्न वर्षांचे झाले, मिठाईचं दुकान आहे, पोट सुटलंय, तरी बदक ते बदकच. मी सोमो, म्हणजे पपनस. जन्मले तेव्हा डोकं तसं होतं म्हणे. शेजारचे कोपकाका, कोप म्हणजे बेडूक. आमचा डॉक्टर उंदीर आहे, दाताची डॉक्टरीण कोळंबी आहे, आणि पंधरा पंधरा वर्षं भिंतीला भिंत लावून राहतो आम्ही, पण समोरच्याचं खरं नाव विचारलंत तर वर बघणार. मग आडनाव तर फारच लांब राहिलं!

पण आहे ना! आडनाव आहे! आणि कसलं आहे! तानचैयोथिन! तान म्हणजे ताड, चै म्हणजे जय, योथिन म्हणजे योद्धा. ताडांमधला विजयी योद्धा! हसू नका, अंगावर काटा येतो की नाही सांगा. आणि हे आडनाव आहे किती जणांचं? अकरा! साडेसहा कोटी माणसांत आम्ही फक्त अकरा! गेंडेसुद्धा याहून जास्त असतील हो जगात, आणि त्यांच्यासाठी लोक टी-शर्ट छापतात.

तर हे आडनाव माझे बाबा बदलायला निघाले.

हो, बदलायला! जेवताना सांगितलं, आमटीत लिंबू पिळतापिळता, जसं काही दिवाणखान्याचा रंग बदलायचाय. झालं काय होतं, की त्या वर्षी मोटरसायकलचं इंजिन बसलं, आईचा पाय मोडला, आणि दुकानाच्या भट्टीवर वीज पडली. आता इंजिनात तेल बाबांनी घातलं नव्हतं, आई ओल्या फरशीवर आपणहून धावली होती, आणि वीज काय, वीज पडतेच. पण बाबा गेले देवळातल्या थोरल्या भिक्खूंकडे, त्यांनी अक्षरांचे आकडे मांडले, बेरीज केली, हळहळले, आणि म्हणाले की आडनावच जड आहे, घराला पेलत नाही. नवं काढून दिलं, थनामोंगफैसान. धन, मंगल, विशाल, सगळं एकातच! पुढच्या पंधरवड्यातला गुरुवार, सकाळी नऊ वाजून नऊ मिनिटं, तालुका कचेरीत सगळ्या घराचं आडनाव बदलायचं. आई म्हणाली, बरं. धाकटा भाऊ म्हणाला, सही करायला सोपं आहे का? बस्स! शंभर वर्षांचं आडनाव, आणि त्यावर एवढीच चर्चा!

मी इतिहासात पदवी घेतलेली मुलगी. मी ताटावरून उठले. बाबा म्हणाले, "भात संपव आणि मग कुठं जायचं तिथं जा." संपवला. आणि मग उठले.

दुसऱ्या दिवशी आठ वाजता, कचेरीत झेंडावंदन चाललेलं, मी दारात उभी. तिथं गेओताई म्हणून आहेत, नोंदणीच्या खिडकीवर, मला शाळेपासून ओळखतात. मी म्हटलं, ताई, आमचं आडनाव देशात किती जणांचं आहे, एवढं सांगा. त्यांनी बोटं चालवली, पडद्याकडे बघितलं, आणि म्हणाल्या, अकरा. मी उड्या मारल्या, अक्षरशः मारल्या, मागचा माणूस शेळीच्या दाखल्यासाठी आला होता तो दोन पावलं सरकला. अकरा! साडेसहा कोटींत अकरा! म्हणजे त्या गुरुवारी बाबांनी सही केली की ही जात नष्ट!

मग रस्त्यानं चालताचालता मी मोजायला लागले. आजी, बाबा, आई, मी, भाऊ, हे पाच. काका, काकू, त्यांची दोन पोरं, नऊ. आणि लग्न न केलेली एक आत्याआजी, बँकॉकला असते, मांजरं पाळते. दहा. परत मोजलं. दहा. मांजरं धरली असती तर सतरा झाले असते, पण माणसं दहाच! मग अकरावा कोण?

आता तुम्ही म्हणाल, असेल कुणीतरी, त्यात काय? अहो, त्यातच सगळं आहे! आमच्याकडे आडनाव म्हणजे अशी कुठंही उगवणारी वस्तू नाही. राजानं शंभर वर्षांपूर्वी हुकूम काढला की प्रत्येक घरानं आडनाव घ्यावं, आणि एका घराचं दुसऱ्यानं घेऊ नये. तेव्हापासून आजतागायत, तेच आडनाव दिसलं की समजायचं, रक्त एक. म्हणजे कुठेतरी आमच्या रक्ताचा एक माणूस आहे, आणि आम्हाला पत्ताच नाही! मी उलट्या पावली परत. गेओताई म्हणाल्या, नाव सांगता येत नाही, नियम आहे. मी हात जोडले. त्या इकडंतिकडं बघून म्हणाल्या, "नियम आहे गं. पण त्याला शोधायला बसचं तिकीट काढू नकोस हं."

म्हणजे गावातच!

मग मी काय केलं? देवळाच्या जुन्या शाळेत पहिल्या नोंदींची वही आहे हे मला ठाऊक होतं, तिथे जाऊन बसले. चार दिवस! वाळवीनं खाल्लेली पानं, अक्षर असं की कोंबडी शाईतून चालत गेलीय, आणि चौथ्या दिवशी दुपारी सापडलं. तानचैयोथिन! शेजारी दोन नावं, फिन आणि चुआ, सख्खे भाऊ. फिन म्हणजे माझे पणजोबा! मी ओरडले, शिपाई धावत आला, त्याला वाटलं साप. मी बोट ठेवून पुढं वाचायला लागले, धंदा… मला वाटलं आता येणार, सेनापती नाहीतर किल्लेदार… तर धंदा, ताडावर चढणे.

ताडावर चढणे. रस काढून गूळ करणे. आणि शेरा काय, तर अर्जदारास ताडाखेरीज काही सुचले नाही, उरलेले कारकुनाने जोडले! मी खालची नावं बघितली तर त्या कारकुनानं सगळ्यांनाच योद्धा करून टाकलेलं! मिठागरवाला मीठयोद्धा, कुंभार मडकेयोद्धा, एक बदकं पाळणारा होता तो बदकांचा विजयी योद्धा! अख्खं गाव एका दुपारी सैन्यात भरती! कारकून उदार होता बिचारा, शाई सरकारची.

मी वही मिटली. खरं सांगते, वाईट वाटलं. आणि मग, तुम्हीच विचार करा हां, मग मला इतका आनंद झाला! अहो, योद्धे काय, कुठल्याही घराण्यात सापडतात, आणि निम्मे तरी खोटे असतात. पण माझा पणजोबा बांबूच्या शिडीवरून पन्नास हात वर जायचा, पहाटे एकदा, संध्याकाळी एकदा, कमरेला नळकांडी बांधून, पावसाळा सोडला तर रोज, आणि त्या गुळावर आज बाबांचं दुकान चाललंय! भट्टीवर जी मिठाई खरपूस होते ती कशानं गोड होते? हा इतिहास आहे! हा खरा! आणि हा बाबा पुसायला निघालेत, आकड्यांची बेरीज जमत नाही म्हणून!

आता राहिला चुआचा वंश. तो अकरावा! गावभर विचारत सुटले, तुमचं आडनाव काय, तुमचं आडनाव काय. लोकांना वाटलं मी विमा विकते. एकानं तर बायकोला आत हाक मारून विचारलं, "अगं, आपलं आडनाव काय?" तिनं आतून तिच्या माहेरचं सांगितलं!

शेवटी पोस्टमन भेटला. अहो, पोस्टमन! आधी का सुचलं नाही मला? गावात आडनावं वाचणारा एकच माणूस! मी विचारलं. तो सायकलवरच पाय टेकून उभा राहिला, आमच्या घराकडे बघितलं, शेजारच्या घराकडे बघितलं, आणि म्हणाला, "म्हणजे तुम्हाला माहीत नाही? मला वाटलं माहीत आहे. एवढं कडकडून भांडता, मी म्हटलं घरचीच माणसं असणार."

कोपकाका!

बेडूक! शेजारचा बेडूक आमचा अकरावा! थांबा, तुम्हाला या भांडणाचं सांगायलाच हवं. आमच्या आणि त्यांच्या कुंपणावर एक ताड आहे. पिकली फळं पडतात ती आमच्या पत्र्यावर, गोळा करतात काका. बाबा म्हणतात, झाड तुमचं तर पत्रा भरून द्या. काका म्हणतात, झाड कुंपणाचं, पत्रा मध्ये का आला? पंधरा वर्षांपूर्वी काका कुठूनसे येऊन हे घर घेऊन राहिले, एकटाच जीव, आणि पहिल्याच आठवड्यात पहिलं फळ पडलं. तेव्हापासून दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. बोलायचं असलं तर झाडाशी बोलतात. बाबा मोठ्यानं म्हणतात, हे झाड फार माजलंय. पलीकडून आवाज येतो, झाडाचं काय, पत्राच कमी प्रतीचा आहे.

मी धावत गेले. चपला बाहेर काढल्या, एक उंबऱ्यात एक रस्त्यात, आणि सगळं सांगितलं, एका श्वासात. फिन, चुआ, वही, शिडी, कारकून, अकरा. म्हटलं, काका, तुम्ही आमचे! साडेसहा कोटींत अकराच आहोत आपण, आणि त्यातले दोन कुंपणाला कुंपण लावून राहतात, याला काय म्हणायचं? आणि बाबा गुरुवारी आडनाव बदलणार आहेत, नऊ वाजून नऊ मिनिटांनी. चला तुम्ही, थांबवा त्यांना. थोरले आहात नात्यानं!

काकांनी पंखा माझ्याकडे वळवला. चष्मा काढून पुसला. मला वाटलं, भरून आलंय. मग म्हणाले, "म्हणजे त्या बदकाचं आणि माझं आडनाव एक?"

मी म्हटलं, हो.

"आणि नवं कुठलं काढलंय त्यानं?"

मी सांगितलं. त्यांना नीट ऐकू येईना, तर म्हणाले, लिहून दे. आणि मी दिलं! माझ्या हातानं! सुंदर अक्षरात! खाली वेळसुद्धा लिहिली.

गुरुवार उजाडला. बाबांनी इस्त्रीचा सदरा घातलेला, आई काठी टेकत, भाऊ पेंगत, काका-काकू पोरांसकट, आजीला रिक्षातून. मी वहीच्या पानाची छायाप्रत घेऊन, शेवटचं भाषण तयार. पोचतो तर कोपकाका आधीच बाकावर, सदरा त्यांचाही इस्त्रीचा! म्हटलं, आला, अकरावा आला, घराणं वाचवायला आला! बाबांनी छताकडे बघून म्हटलं की इथंही झाडं यायला लागली वाटतं. आणि तेवढ्यात खिडकीवरून नंबर पुकारला, आणि उठले कोपकाका. भिंतीवरच्या घड्याळात नऊ वाजून नऊ!

दोन मिनिटांत परत आले. कागद हातात, शाई ओली. माझ्याकडे बघून हसले, पंधरा वर्षांत पहिल्यांदा आमच्या घरातल्या माणसाकडे बघून हसले, आणि गेले.

मग बाबांचा नंबर. गेओताईंनी नवं आडनाव टाइप केलं, थांबल्या, परत टाइप केलं. म्हणाल्या, हे आता मिळणार नाही, याची नोंद झालीय. बाबा म्हणाले, कधी? आत्ता, म्हणाल्या. बाबा म्हणाले, भिक्खूंनी मला काढून दिलंय! गेओताई म्हणाल्या, असेल, पण ज्यानं आधी नोंदवलं त्याचं ते. आणि मग त्यांनी अगदी मायेनं, मदत करायची म्हणून सांगितलं, "एक मार्ग आहे. ज्यांनी नोंदवलंय त्यांनी लेखी परवानगी दिली, तर तुम्हाला त्यांच्या आडनावात घेता येईल. त्यांच्या घरातले म्हणून."

मी बाबांचं तोंड बघितलं. कान लाल झाले, मग मान, मग सदऱ्याच्या आत कुठंपर्यंत ते ठाऊक नाही. छायाप्रत माझ्या हातातच होती. एक शब्द बोलावा लागला नाही. बाबांनी अर्ज उचलला, चार तुकडे केले, खिशात घातले, आणि सगळ्या कचेरीला ऐकू जाईल असं म्हणाले, "तानचैयोथिन जन्मलो, तानचैयोथिन मरेन."

टाळ्या पडल्या हो! शेळीवाल्या माणसानं वाजवल्या, तो अजून दाखल्यासाठी येतच होता.

आता सांगा, मी आनंदी व्हायचं की नाही? आडनाव वाचलं! पणजोबांची शिडी वाचली! पण वाचवलं कुणी? मी चार दिवस वाळवी झटकली, गावभर विमावाली ठरले, आणि वाचवलं बेडकानं, तेही स्वतः ते टाकून! मी बाबांना वहीचं पान दाखवलं, फिन, चुआ, सख्खे भाऊ, सगळं समजावलं, की बघा, आपलंच माणूस गेलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं, दोनदा वाचलं, पान फ्रेम करून दुकानात गल्ल्यामागं लावलं, म्हटलं चला, इतिहास तरी पोचला.

कालच एक बँकॉकची बाई मिठाई घ्यायला आली, तिनं विचारलं, हे काय लावलंय? बाबांनी छाती फुगवली, डबा बांधताबांधता म्हणाले, "आमचं आडनाव. साडेसहा कोटींत फक्त दहा माणसं. आधी अकरा होतो, एक वाईट निघाला, काढून टाकला."