पडद्यावरचं नाक

...आणि वर मलाच म्हणतात, "तुम्ही यात नाक खुपसू नका!" अहो, नाक माझंच आहे ते! तुम्हाला सांगतो, आजोबांचं वडिलांना, वडिलांचं मला आणि माझं थेट माझ्या मुलीला, गोलनूशला! मधोमध असा उंचवटा. माझ्या तोंडावर खपून गेला हो. तेहरानच्या शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवला, पोरं म्हणायची, "सर फळ्याकडे वळले की दमावंद डोंगर दिसतो!" मी हसायचो. पण पोरीचं काय? लग्नकार्यात कुणी बाजूनं फोटो काढायला लागलं की ही स्वयंपाकघरात पसार! मी आपला समजायचो, कामसू आहे... एवढा शिकलेला बाप मी!

बँकेत नोकरी लागली तशी म्हणाली, "बाबा, मी नाकाचं ऑपरेशन करून घेतेय." मला कोणी विचारलं का? नाही!

दवाखान्यात गेलो चौघं. गोलनूश, मी, बायको मनीजे आणि मनीजेची बहीण फरोग. हिला कोणी बोलावलं? कोणीच नाही! डॉक्टर तवाना शांत माणूस. पोरीचा बाजूनं फोटो काढला, कॉम्प्युटरवर घेतला, माउस जरासा सरकवला आणि... गेला की हो डोंगर! सपाट! पोरगी बघतच राहिली. डॉक्टर म्हणाले, "हे चित्र आहे हं, वचन नाही. तुमच्या मनात काय आहे ते मला कळावं, एवढ्यासाठी. हाड माउसचं ऐकत नाही." पण ऐकतंय कोण? फरोग खुर्ची ओढून पुढे! "शेंडा वर घ्या ना डॉक्टर... अजून जरा... आता बारीक करा..." शेवटी डॉक्टर म्हणाले, "बाई, त्यांना श्वासही घ्यायचाय!" आणि गोलनूश, "मावशी, नाक कुणाचंय?" मी म्हणणार होतो, माझं! पण मला कोणी विचारलं का? नाही!

ऑपरेशन झालं. आमच्याकडे नाकावरची पट्टी कोणी लपवत नाही, उलट फळवालासुद्धा म्हणतो, "मुबारक असो, ताई!" पाहुणे आले, प्रत्येकाच्या हातात अननसाचा डबा, त्यानं सूज उतरते म्हणे! मनीजेनं पलंगाखाली थप्पी लावली. पट्टी निघाली, तर खाली हा एवढा बटाटा! डॉक्टर म्हणतात, "सूज पुरती उतरायला वर्ष लागतं." वर्ष! पोरगी रोज सकाळी आरशासमोर, एका हातात फोन, फोनमध्ये ते चित्र. एकदा चित्राकडे, एकदा आरशाकडे, मग पुन्हा चित्राकडे. चहा गार व्हायचा. मी दाराआडून बघायचो, जीव तुटायचा हो...

सूज उतरली. नाक छान झालं. पण चित्रासारखं? नाही! उंचवटा केसभर राहिला. फरोगनं लगेच नाक मुरडलं, "चित्रात नव्हता हा!" आणि मी... खरं सांगू? मनातून खूश झालो. केसभर का होईना, आमचं काहीतरी उरलं! दुसऱ्या क्षणी माझीच मला लाज वाटली. लेकीचा चेहरा उतरलाय आणि बाप कशावर खूश होतोय!

वर्षानं डॉक्टरांनी तिच्या हातात प्रश्नांचा कागद दिला. चित्राशी जुळलं का? हिनं लिहिलं, "पूर्ण नाही." मी म्हटलं, झालं, आता रडणार. खाली, समाधानी आहात का? लिहिलं, "हो." मी म्हटलं, "अगं, हे कसं?" म्हणाली, "बाबा, सहा महिने मी ते चित्रच बघत होते. मग कधीतरी बघायचं राहून गेलं. आता महिना-महिना मला आठवतही नाही, की मला नाक आहे. अजून काय हवं?"

मी चष्मा पुसायला लागलो. उगीचच.

तेवढ्यात मनीजे म्हणते कशी, "डॉक्टर, आलोच आहोत तर यांचंही बघा ना, नुसतं पडद्यावर!" मला कोणी विचारलं का? नाही! फोटो काढला, माउस सरकला, उंचवटा गेला आणि पडद्यावर कोण दिसावं? हुबेहूब माझे सासरे! मनीजेच्या डोळ्यांत पाणी, "अगं बाई... अगदी माझे बाबा!"

आता सांगा, या वयात बायको इतक्या प्रेमानं बघायला लागल्यावर माणूस नाही कसं म्हणेल? मंगळवारी साडेदहाची वेळ आहे. उपाशीपोटी बोलावलंय.