बाळाच्या खोलीत गाडी

लसीच्या रांगेत माझं पिल्लू कसंबसं झोपलं, तर मागच्या बाकावर नवरा-बायकोची जुंपली. तिला नववा असावा.

"अगं, दोन दिवस परगावी काय गेलो, गवंड्याने गाडी आत ठेवून बाळाच्या खोलीची उघडी बाजू बुजवली?"

"बुजवली कुठे? दार ठेवलंय की."

"त्यातून तूसुद्धा तिरकी होऊन जातेस! आजोबांची गाडी बाहेर कशी काढू?"

"नको काढूस. त्या पडक्या घरात न गळणारी जागा म्हणजे तेवढी गाडीच. बाळ मागच्या सीटवर झोपेल."

"आणि उद्या माणूस येतोय, त्याला काय सांगू?"

"कोण माणूस?"

"अगं, म्हणजे... छप्पर घालायचं तर गाडी विकायलाच..."

"माहितेय. बाथरूमचा नळ सोडून फोनवर बोलत होतास ना, मला ऐकू जाऊ नये म्हणून? त्या नळाला अजून पाणी नाही, राजा."

"सगळं ऐकलंस?"

"नंतर हुंदके दिलेस, तेही. सकाळी तू परगावी निघालास, तसं गवंड्याला म्हटलं, घाल भिंत."

"अगं वेडे, मग छपराचं काय?"

"गाडीवरची ताडपत्री आता रिकामीच आहे. चढ वर."