शिंगावरचा नंबर

मंडळी, मायबहिनींनो, सभेत बोलाची मले सवय नाही. मी वाढई, लाकूड तासनारा मानूस. हातात वाकस असली का सुचते, नुसतं उभं राह्यलं का हात कुठं ठेवावं समजत नाही. चुकलं तर समजून घ्या.

नत्थूभाऊले जाऊन आज तेरा दिवस झाले. कोनी म्हनते तापानं गेले, कोनी म्हनते वय झालं होतं. हौ, खरं आहे. पन हद्दीच्या नाक्यावर चकरा मारू मारू मानूस खंगला, हे काहून कोनी बोलत नाही?

नदीपल्याड त्याच्या पोरीच्या, कमलाच्या गावात ढोरायच्या मातेची साथ आली. तिचे दोनी बैल गेले. जावई आधीच गेलेला. धान कापून वावराच्या बांधीत पडलं, अन् घरी आनाले बैल नाही. नत्थूभाऊ म्हने, "गणबा, माही जोडी तिले देऊन येतो."

जोडीले त्या रोगाची टोचनी झाली होती. ढोरडाक्टर आला तवा आपन सारे ढोरं रानात लपवत होतो. पयले बैल याच मानसानं पुढं केले. डाक्टरनं टोचल्याची खूण म्हनून शिंगावर डागून नंबर टाकला. अन् मंग आला पोळा.

आता ऐका, हे माहं पाप आहे. पोळ्याले गावच्या बैलायची शिंगं मीच साळतो. त्या जोडीची अशी गुळगुळीत साळली, वरून वार्निश मारला. नत्थूभाऊ बाजूले उभे राहून म्हनत होते, "डावं अजून थोडं साळ." नंबर गेला भुशासंगं. दोघायच्याबी ध्यानात आलं नाही.

नत्थूभाऊ जोडी घेऊन निघाले, तर नाक्यावरचा बाबू म्हने, "सींग पर नंबर कहाँ है?" यानं टोचनीचा कागद दाखवला. "कागज ठीक है, बैल यही है, कैसे मानें?" गेले बालाघाटले, ढोरडाक्टरच्या हापिसात. साहेब म्हने, "रजिस्टर में टीका लग चुका है, दुबारा नहीं लगेगा." बरं, मंग नुसता डाग तरी मारा. "बिना टीके के डाग नहीं." सांगा आता, बैलानं करावं काय?

मी म्हनलो, भाऊ, नदीच्या उतारानं काढू, कोन पाहते? तर माह्यावरच खेकसले. "टोचून घ्या म्हनून घरोघर मी सांगतलं, अन् मीच चोरून नेऊ?"

पोरगी दिली तवा दोनी गावं एकाच राज्यात होती. कमला जागची हलली नाही. हद्द हलली.

परवा बालाघाटहून जोडी पल्याड नेऊ द्याचा दाखला आला. सही, शिक्का, सारं. मी नाक्यावर घेऊन गेलो. बाबू म्हने, "मालिक नत्थू लिखा है. मालिक को साथ लाओ."

मालक कुठून आनू? त्याचा फोटो नाही, म्हनून आपन या पाटावर त्याचं पागोटं ठेवलं. कमला, बाई, डोळे पूस. जोडी लिंबाखाली बांधली आहे. हे पागोटं मी डाव्या शिंगाले बांधतो, जिथला नंबर म्या साळला तिथंच. मंग आपन सारे नाक्यावर जाऊ. बाबूले मालक पाहाचा आहे, पाहू दे.

पन आधी उभे राहा. दोन मिनिटं कोनी बोलू नका. बैलायच्या गळ्यातल्या घाट्या मी काढल्या नाही. वाजल्या तर वाजू द्या.