पिवळ्या काठाची गिबोशी

(यामागाताच्या डोंगरातलं गाव, एप्रिलअखेर. तीन दिवस गरम झऱ्यांवर राहून परतलेली किकुए आणि तिची सून मिहो, घरामागच्या सावलीत, गिबोशी या शोभेच्या झाडाच्या वाफ्यापाशी.)

मिहो : ...आणि बाबांनी दोनदा मागून खाल्ली, आई. मिसोची, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची, आंबट चटणी लावून दिली होती.

किकुए : दोनदा! माझी अडतीस वर्षांची गिबोशी, आणि हे मागून मागून खातात!

मिहो : मला वाटलं, भाजीची उरुई आहे. कोंब पांढरे, कोवळे निघावेत म्हणून उरुईवर भाताची तुसं घालतात, हे तुम्हीच शिकवलंत. इथे तुसांचा ढीग दिसला...

किकुए : अगं, ते पांघरूण होतं! उशिरा हिम पडलं की हिचे कोंब करपतात.

मिहो : तुसांखाली दोन्ही सारख्याच दिसतात हो.

किकुए : दिसणारच, जात एकच. पण जूनमध्ये बागवाली मंडळी हिलाच बघायला येणार आहेत. सुपाएवढी पानं, हिरव्याला पिवळा काठ! त्यातले ओनोदेरासान दहा वर्षं एक फुटवा मागतायत, मी दिला नाही. आणि तू भाजी केलीस.

मिहो : अर्धीच केली.

किकुए : अर्धी? का, टोपली भरली?

मिहो : नाही. एका कोंबाचं टोक तुसांबाहेर आलं होतं. उजेडानं रंग धरला होता, काठ पिवळा. इतका देखणा, की चाकूच चालेना. मग चूक कळली. तुसं परत घातली.

किकुए : ...बस इथे. मी नवी नवरी होते. सासूबाईंनी ओढ्याकाठी उरुई तोडायला धाडलं. माझाही चाकू असाच अडला, पिवळ्या काठापाशी. ते रोप मुळासकट उचलून आणलं. टोपली अर्धीच भरली म्हणून काय बोलल्या मला!

मिहो : तीच ही?

किकुए : तीच. या सावलीत काही म्हणजे काही धरत नव्हतं. आता पाच हात पसरते. साऱ्या खोऱ्यात दाखव अशी दुसरी!

मिहो : यंदा मात्र टक्कल दिसेल. कुंड्या ठेवून झाकू या?

किकुए : झाकायचं कशाला? चवीला कशी होती?

मिहो : खरं सांगू? फार छान.

किकुए : असणारच. माझ्या हातची आहे.

मिहो : पण ओनोदेरासानना काय सांगणार?

किकुए : खरं तेच. अर्धी सुनेनं शिजवली.

मिहो : आई!

किकुए : आणि अर्धी सुनेनं राखली.